डिझेलचा दर आपल्या हातात नसतो, मग खरेदीत पाहायचं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत नुकत्याच रुजू झालेल्या लेखापाल ताईंनी विचारलं आहे: आमच्याकडे घंटागाड्या, पाण्याचे टँकर, एक जेसीबी, अग्निशमन बंब आणि पाणीपुरवठ्याचा जनरेटर आहे. डिझेल गावातल्या एकाच पंपावरून उधारीवर येतं आणि बिल दोन-तीन महिन्यांनी निघतं. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की ‘बाजारभावाची खातरजमा केलेली नाही, दरपत्रके मागविलेली नाहीत’. पंपावरचा दर तर कंपनी ठरवते. मग खातरजमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

ताई, माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं जिल्हा परिषदेच्या वाहन आणि भांडार शाखेत गेली. हा आक्षेप मी विदर्भातल्या अनेक कार्यालयांत पाहिला आहे आणि त्याला दिलेलं तेच ते उत्तरही पाहिलं आहे: ‘इंधनाचे दर शासनमान्य असल्याने दरपत्रकांची आवश्यकता नाही.’ हे उत्तर देऊ नका. दर शासन ठरवत नाही, हे लेखापरीक्षकालाही माहीत असतं. तुम्ही बाजाराकडे पाहिलं होतं का, एवढंच त्याला हवं असतं. दर आपल्या हातात नाही हे खरं. पण तो कोणत्या तारखेचा लावायचा, माप कुणी बघायचं, पैसे किती दिवसांत द्यायचे आणि गाडी कुठे भरायची, हे सगळं आपल्याच हातात आहे. सरकारी पैसा गळतो तोही याच चार जागांवर.

आधी दर कसा बनतो ते पाहू. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून बाहेर आले. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा दर लागू होण्याची पद्धत सुरू झाली. आंतरराष्ट्रीय बाजारातला भाव आणि रुपया-डॉलरचा दर हा पाया. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, डेपोपासून पंपापर्यंतची वाहतूक, पंपचालकाचं कमिशन आणि शेवटी राज्याचा व्हॅट. इंधन जीएसटीत नसल्यामुळे राज्य बदललं की दर बदलतो. वणी-पांढरकवड्याकडच्या माणसाला तेलंगणाचा आणि देवरी-सालेकसाकडच्याला छत्तीसगडचा दर तोंडपाठ असतो तो म्हणूनच. एकाच जिल्ह्यातही दर एक नसतो. अकोल्याजवळचं गायगाव किंवा नागपूरजवळचं बोरखेडी इथल्या डेपोपासून पंप जितका लांब, तितकी वाहतूक जास्त. भामरागडचा दर आणि नागपूरचा दर सारखा येणार नाही. त्यामुळे वर्तमानपत्रात छापलेला जिल्ह्याचा दर तुमच्या बिलाला लावून पाहू नका. तुमच्या पंपाचा त्या दिवसाचा दर पाहा.

‘रोज बदलतो’ असं मी म्हणालो खरं, पण प्रत्यक्षात तो कधी कधी महिनोन्महिने बदलत नाही, आणि तिथेच कार्यालयं गाफील राहतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये उत्पादन शुल्क कमी झाल्यानंतर दर १३७ दिवस जागचे हलले नाहीत. त्या काळात कच्च्या तेलाचा भाव मात्र चढत होता. मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या १६ दिवसांत १४ वेळा दरवाढ झाली आणि लिटरमागे १० रुपये वाढले. त्यानंतर मे २०२२ मध्ये केंद्राने आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केला. पुढे दर जवळपास थिजले, ते १५ मार्च २०२४ ला २ रुपयांनी उतरले. पाटीवरचा आकडा हलत नाही याचा अर्थ बाजार हलत नाही असा नसतो. पंपावर दर स्थिर आणि तिकडे कच्चं तेल वर चाललंय, असं महिना-दीड महिना दिसलं की मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं: पुढे एकदम उडी येऊ शकते, इंधनाच्या तरतुदीत जागा ठेवा. यासाठी अर्थशास्त्र लागत नाही. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाचा पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष भारतीय कच्च्या तेलाच्या टोपलीचा, म्हणजे आपला देश घेतो त्या कच्च्या तेलांचा सरासरी भाव आपल्या संकेतस्थळावर देतो. आठवड्यातून एकदा तो आकडा दरवहीत टिपला तरी पुरतं.

ही दरवही तुम्ही सोमवारपासूनच सुरू करा. साधी शंभर पानी वही चालेल. तारीख, पंपाचा दर, तो कुठे पाहिला, कुणी पाहिला आणि सही. महिन्याच्या १ आणि १६ तारखेला नोंद करायचीच. मधे दर बदलला तर त्या दिवशीही. पंपाच्या दरफलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. तेल कंपन्यांच्या ॲपवर पंपनिहाय दर दिसतो, त्याची छापील प्रत चिकटवली तर अधिक चांगलं. एवढ्या नोंदीचा उपयोग काय, तर बिल तपासताना कळतं.

एक उदाहरण पाहा. मार्च २०२४ चं बिल समोर आहे. महिनाभरात समजा ३,००० लिटर डिझेल घेतलं आणि बिलात सगळ्या लिटरला एकच दर लावलाय, १ मार्चचा. १५ तारखेच्या सकाळी दर २ रुपयांनी उतरला होता. त्यानंतरच्या स्लिपा (डिझेल भरायला कार्यालय चालकाला देतं त्या चिठ्ठ्या) जुळवल्या तर १,६०० लिटर निघतात. म्हणजे ३,२०० रुपये जास्त लागले. मार्च २०२२ चं बिल याच्या उलट दिसेल. २१ तारखेपर्यंत दर कमी होता, २२ पासून चढत गेला, आणि बिलात ३१ तारखेचा दर अख्ख्या महिन्याला लावला असेल तर आधीच्या तीन आठवड्यांचं डिझेलही महाग दराने आपल्या गळ्यात पडतं. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. पंपावरचा हिशेबनीस महिनाअखेरीला एकदम बिल टंकतो, त्याला त्या दिवसाचा दर समोर दिसतो आणि तोच टाकून मोकळा होतो. म्हणून बिलाचा नमुनाच आपण ठरवून द्यायचा: प्रत्येक ओळीत तारीख, गाडी क्रमांक, स्लिप क्रमांक, लिटर, त्या दिवसाचा दर, रक्कम. एकगठ्ठा लिटर गुणिले एकच दर असं बिल स्वीकारायचंच नाही. आणि स्लिपेवर लिटर लिहा, रुपये लिहू नका. ‘दोन हजारांचं टाका’ अशी स्लिप दिली की किती लिटर आलं ते चालकाला आणि पंपावरच्या पोऱ्यालाच ठाऊक. लॉगबुकातला ॲव्हरेज मग कुणाच्या बापाला जुळत नाही.

आता उधारी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण विदर्भातल्या लहान कार्यालयांचा खरा रोग हाच आहे.

पंपचालकाला डिझेलवर लिटरमागे साधारण दोन रुपये कमिशन मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ४४ पैशांनी वाढलं, तेव्हा कुठे तिथवर आलं. यातून त्याने पगार, वीजबिल, घट आणि बँकेचं व्याज भागवायचं. कंपनी त्याला उधार देत नाही. पैसे भरल्याशिवाय डेपोतून टँकर निघत नाही. १२ हजार लिटरचा एक टँकर म्हणजे, हिशेबाला ९० रुपये लिटर धरले तर, १० लाख ८० हजार रुपये. तो माणूस हा पैसा बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे व्याजाने उचलतो. व्याज वर्षाला १२ टक्के धरा, म्हणजे महिन्याला एक टक्का, लिटरमागे ९० पैसे. तुम्ही तीन महिन्यांनी बिल काढलंत तर लिटरमागे २ रुपये ७० पैसे व्याजात गेले. कमिशन दोन रुपये. म्हणजे नगरपंचायतीला डिझेल देणं हा त्याच्यासाठी सरळ तोट्याचा व्यवहार झाला.

मग तो डिझेल देतो कशाला? काही जण गावातली ओळख, नगराध्यक्षांचा शब्द म्हणून देतात आणि सोसतात. काही जण सोसत नाहीत. ते मापातून, बिलातून किंवा न भरलेल्या स्लिपांतून वसूल करतात. आपल्याच चालकाला शंभर-दोनशे रुपये देऊन ८० लिटरच्या स्लिपेवर ७० लिटर भरलं की हिशेब बरोबर होतो. उशिरा पैसे देणारं कार्यालय स्वतःच चोरीला वाट करून देतं, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे आणि त्याचा मला आजही राग येतो, कारण सापडतो तो चालक आणि निलंबितही तोच होतो. ज्या टेबलावर बिल अडीच महिने पडून होतं, त्या टेबलाला कुणी काही विचारत नाही.

तेव्हा तुम्ही लेखापाल म्हणून एकच गोष्ट करू शकलात तरी ती ही करा: इंधनाचं बिल पंधरवड्याचं घ्या आणि पुढच्या पंधरवड्यात धनादेश किंवा आरटीजीएस द्या. मुख्याधिकाऱ्यांकडून वर्षभराची प्रशासकीय मान्यता एकदाच घेऊन ठेवली तर प्रत्येक बिलाला नस्ती (फाइल) फिरवावी लागत नाही. पैसे वेळेवर मिळतात हे एकदा कळलं की पंपचालकाशी बोलण्याची तुमची ताकद बदलते. मग त्याला सांगता येतं, मशीनची छापील पावती प्रत्येक भरण्याला पाहिजे, माप आम्ही अचानक तपासणार, गाडी क्रमांक बघितल्याशिवाय नोझल लावायचा नाही. तो ऐकतो.

दुसरा मार्ग फ्लीट कार्डाचा. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, हिंदुस्तान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट. गाडीगणिक कार्ड, आधी पैसे भरायचे, गाडीगणिक मर्यादा घालायची. कुठल्या पंपावर, किती वाजता, किती लिटर, कोणत्या दराने हे सगळं संगणकात उमटतं आणि तारखेच्या दराचा वादच उरत नाही. अडचण अशी की आगाऊ रक्कम भरायला मान्यता लागते आणि तुमच्या गावचा पंप त्या योजनेत असायला हवा. मान्यता घ्या, पण महिन्याच्या गरजेपुरतीच रक्कम भरा. ३१ मार्चला निधी परत जाऊ नये म्हणून पंपावर किंवा कार्डावर लाख-दोन लाख टाकून ठेवायची पद्धत आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. ती रक्कम खर्ची दिसते, प्रत्यक्षात खर्च झालेली नसते, आणि मधे दर बदलला की लिटरचा हिशेब कुणाला लागत नाही.

दरपत्रकांबद्दल. तीन सरकारी कंपन्यांचे एकाच गावातले दर पैशांच्या फरकाने सारखेच असतात, म्हणून ‘दर काय’ असं विचारणारी तीन दरपत्रकं मागवून फारसं काही हाती लागत नाही. पण दर नेहमीच सारखे असतात हेही खरं नाही. मार्च २०२२ नंतर काही महिने खासगी कंपन्यांच्या पंपांवर डिझेल सरकारी पंपांपेक्षा महाग होतं, आणि २०२३ च्या मे-जूनमध्ये त्याच खासगी पंपांवर लिटरमागे रुपयाने स्वस्त होतं. म्हणून दरपत्रक मागवा, पण त्यात विचारायचं ते वेगळं: छापील पावती मिळेल का, किती दिवसांची उधारी चालेल, पंप रात्री किती वाजेपर्यंत सुरू असतो, बंबासाठी अपरात्री डिझेल मिळेल का, कार्डाची सोय आहे का, कंपनीच्या सवलत योजनेत आपण बसतो का. राज्य शासनाच्या उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका तुमच्या कपाटात असेलच. त्यातल्या मर्यादा आणि नंतरचे बदल पाहून पद्धत ठरवा. तीन पंपांची उत्तरं एका तक्त्यात मांडून, कोणता का निवडला हे चार ओळींत लिहून मुख्याधिकाऱ्यांची सही घ्या. ‘दरपत्रके मागविलेली नाहीत’ या वाक्याला हे खरं उत्तर आहे.

तक्त्यात अंतराचा रकाना विसरू नका. दहा पैशांसाठी सहा किलोमीटरवरच्या पंपावर टँकर पाठवला तर जाऊन-येऊन बारा किलोमीटर झाले. लिटरला चार किलोमीटरच्या ॲव्हरेजने तीन लिटर डिझेल, म्हणजे २७० रुपये रस्त्यात गेले. ८० लिटरवर वाचले आठ रुपये.

मोठ्या टाकीने थेट कंपनीकडून घेतलेलं डिझेल स्वस्त पडतं, हा एक समज कार्यालयांत पक्का बसलेला आहे. एसटीचा अनुभव याबाबतीत डोळे उघडणारा आहे. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांच्या डिझेलवरची सवलत काढली आणि आगारांच्या टाकीतलं डिझेल रस्त्यावरच्या पंपापेक्षा महाग झालं. मार्च २०२२ मध्ये तेच पुन्हा घडलं. घाऊक दर एकदम सुमारे २५ रुपयांनी चढला आणि किरकोळ दर तसाच राहिला. दोन्ही वेळी राज्याराज्यांच्या परिवहन महामंडळांना गाड्या साध्या पंपावर नेऊन भराव्या लागल्या, आपली लाल परीही त्यात होती. एरवी घाऊक खरेदीत फायदा असू शकतो. म्हणूनच जिल्हा परिषद, मोठी नगरपरिषद, पाटबंधारेचा यांत्रिकी विभाग अशा ज्यांच्याकडे स्वतःची टाकी आहे, त्यांनी घाऊक आणि किरकोळ हे दोन्ही दर दर पंधरवड्याला शेजारी शेजारी लिहिलेच पाहिजेत. ‘आमचा करार घाऊकचा आहे’ म्हणून डोळे मिटून महाग डिझेल घेणं हा बाजाराकडे न पाहण्याचा सगळ्यात महागडा प्रकार आहे.

तुमच्यासारख्या नगरपंचायतीला टाकीची गरज नाही. जनरेटर आणि बंबासाठी दोन-चार बॅरल डिझेल ठेवत असाल तर कायदा लक्षात ठेवा. डिझेल ‘ब’ वर्गातलं पेट्रोलियम आहे. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात तर पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे जावं लागतं. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आणि साठा ठेवला की डिपस्टिकने (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीने) रोज मोजा. उन्हाळ्यात यात एक गंमत नसलेला हिशेब दडलेला असतो. डिझेल एका अंशाला सुमारे ०.०८ टक्के फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून ३० अंशाचं हजार लिटर डिझेल आणलं आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशाला पोचलं, तर डिपमध्ये १,०१२ लिटर दिसेल. ते जादा बारा लिटर कुणाचे? नोंद नसेल तर ते कॅनमधून बाहेर जातात आणि रजिस्टर मात्र एक हजाराला चोख जुळतं. म्हणून डिपसोबत तापमानही लिहायचं. पहाटे गाडी भरली की डिझेल जास्त येतं असं आपल्याकडे सांगतात, त्यात मात्र फार तथ्य नाही. जमिनीखालच्या टाकीचं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही.

आता डिझेलचं माप आणि दर्जा. हे तुम्ही कार्यालयात बसून करू शकत नाही, पंपावर जायला हवं, आणि महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः किंवा आरोग्य निरीक्षकाने जावं. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं. ते मागा. नाही म्हणण्याचा अधिकार त्यांना नाही. माप आधी ओलं करून रिकामं करायचं, मशीनवर शून्य बघायचं, पाच लिटर सोडायचे आणि मानेवरच्या खुणेवर डोळा नेऊन वाचायचं. २५ मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं. त्यापेक्षा कमी भरलं तर तिथेच पंचनामा करून वैधमापन निरीक्षकाला कळवायचं. समजा पाच लिटरला १०० मिलिलिटर कमी येतंय. हे दोन टक्के झाले. महिन्याला ३,००० लिटर घेणाऱ्या कार्यालयाचं ६० लिटर डिझेल गेलं, ५,४०० रुपये. आणि दरात दहा पैशांचा फरक शोधून त्याच ३,००० लिटरवर वाचतात ३०० रुपये. दरपत्रकाच्या नस्तीवर खर्च होणारी मेहनत मापाकडे वळवा, असं मी नव्या माणसांना सांगत आलो ते या हिशेबामुळे.

घनतेचं काम थोडं नाजूक आहे आणि आपल्या भागात तिच्यावरून उगाच भांडणं होतात. पंपावर टँकर येतो तेव्हा त्याच्या चलनावर १५ अंश तापमानाला असलेली घनता लिहिलेली असते. समजा ८३० (घनमीटरला किलो). मे महिन्यात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीच्या पंपावर तुम्ही काचेच्या नळीत नमुना घेतला, थर्मामीटर ४० अंश दाखवतोय आणि घनता मोजणारा हायड्रोमीटर ८१२-८१३ च्या आसपास थांबलाय. अर्धवट माहितीचा माणूस इथे ‘भेसळ, भेसळ’ म्हणून ओरडतो. पण भेसळ झालेली नाही. उन्हाने डिझेल फुगलंय. पंपावर रूपांतराचा तक्ता असतो, त्यात ४० अंशाचा तो आकडा १५ अंशाला नेऊन वाचायचा. ८३० च्या जवळ आला तर माल ठीक. तीन एककांपर्यंत फरक मान्य आहे. तक्त्याने ८२५ आलं, तर मात्र तक्रार करायची, नमुना सीलबंद करून घ्यायचा आणि त्या दिवसापुरतं भरणं थांबवायचं. नव्या बीएस-६ गाड्यांना ही काळजी जास्त लागते, कारण त्यांचे इंजेक्टर खराब डिझेल सहन करत नाहीत आणि एका दुरुस्तीत वर्षभराची बचत जाते. महामार्गावर पाटीविना टाकीतून ‘बायोडिझेल’ म्हणून जे स्वस्तात विकतात, त्याचं बिल कुणी आणून दिलं तर ते मंजूर करू नका आणि लेखी परत करा.

भाड्याच्या गाड्यांकडे बहुतेक लेखापालांचं लक्ष जात नाही, कारण तिथे डिझेलचं बिल येत नाही, किलोमीटरचं येतं. पण त्या किलोमीटरच्या आतही डिझेलच असतं. टंचाईच्या दिवसांत खासगी टँकर लावले जातात, करारात एक दर असतो, आणि डिझेल वाढलं की कंत्राटदार अर्ज घेऊन उभा राहतो. तो म्हणतो, डिझेल पाच रुपयांनी वाढलं, किलोमीटरला चार रुपये वाढवून द्या. कागद घ्या आणि भागाकार करा. लिटरला चार किलोमीटर चालणाऱ्या टँकरला पाच रुपयांच्या वाढीचा बोजा किलोमीटरमागे सव्वा रुपया. सव्वा रुपया त्याचा हक्काचा आहे, तो द्यावा. नाहीतर तो फेऱ्या चुकवेल आणि एखाद्या तांड्यावर पाणी पोचणार नाही. उरलेले पावणेतीन रुपये तो बाजाराच्या नावावर मागतोय.

याची दुसरी बाजू तर कुणीच मांडत नाही. दर उतरतो तेव्हा अर्ज घेऊन कुणी येत नाही. मार्च २०२४ मध्ये डिझेल दोन रुपयांनी उतरलं म्हणजे अशा टँकरचा खर्च किलोमीटरमागे ५० पैशांनी कमी झाला. दहा टँकर, रोज ऐंशी किलोमीटर, साठ दिवस धरा: ४८ हजार किलोमीटर, २४ हजार रुपये. करारात सुरुवातीच्या तारखेचा डिझेल दर, ठरवून दिलेला ॲव्हरेज आणि ‘दर वाढल्यास किंवा घटल्यास त्या प्रमाणात’ एवढे शब्द असते, तर ते पैसे आपोआप वळते झाले असते. पुढच्या निविदेत ही अट घाला. घंटागाडीच्या आणि जेसीबीच्या तासाच्या भाड्यालाही तीच चालते. तिथे किलोमीटरऐवजी तासाला किती लिटर ते ठरवून द्यायचं.

पुरवठ्याचंही थोडं पाहावं लागतं. आपल्याकडे जूनच्या पेरणीला ट्रॅक्टर आणि ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला हार्वेस्टर एकदम पंपावर येतात, सलग सुट्ट्या लागल्या की लहान पंप कोरडा पडतो. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दोन दिवसांत ट्रकचालकांचा संप झाला, तेव्हा नागपुरापासून तालुक्याच्या गावांपर्यंत पंपांवर रांगा लागल्या होत्या. बंब आणि पाणीपुरवठ्याच्या जनरेटरपुरतं तीन दिवसांचं डिझेल वेगळं राखून ठेवा आणि पंपचालकाकडून लेखी घ्या की तुटवड्यात या दोघांना आधी मिळेल. दुसऱ्या एका पंपाशीही पर्यायी म्हणून करार असू द्या.

आता तुमच्या आक्षेपाच्या अनुपालनाबद्दल, म्हणजे लेखापरीक्षकाला द्यायच्या उत्तराबद्दल. मागच्या काळाचं दरपत्रक आज तयार करून मागची तारीख टाकायला कुणी सुचवेल. ते करू नका, कितीही ओळखीचा माणूस सांगत असला तरी. आक्षेपाच्या कालावधीतल्या सगळ्या स्लिपा तारखेप्रमाणे लावा, कंपनीच्या विक्री कार्यालयाला मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने पत्र देऊन त्या पंपाचा त्या तारखांचा किरकोळ विक्री दर लेखी मागवा. त्यांच्याकडे तो असतो. दोन्ही एका तक्त्यात मांडा. बिल आणि दर जुळले तर खातरजमा झाली, तक्ता जोडून तसं कळवा. जास्त रक्कम गेली असेल तर ती चालू बिलातून वळती करून चलनाची प्रत जोडा. पंपचालकाला आधी बोलावून आकडे दाखवा. वळती करायला तो सहसा नकार देत नाही, कारण त्याचं थकलेलं बिल तुमच्याकडे असतं. त्याच बैठकीत ते थकलेलं बिल कोणत्या तारखेला देणार हेही त्याला सांगा आणि त्या तारखेला द्या. आणि अनुपालनासोबत नव्या दरवहीच्या पहिल्या पानाची प्रत, पंपांच्या तुलनेचा तक्ता आणि बिलाचा नवा नमुना लावा. तक्ता करताना स्लिपांचे आकडे लॉगबुकाशी जुळले नाहीत, तर त्या गाडीचं नाव वेगळ्या कागदावर लिहून मला कळवा. ॲव्हरेजची चाचणी कशी घ्यायची ते त्या गाडीपुरतं सविस्तर सांगेन.